परदेशातून येणारी मदत: नेमकी कधी आणि कशाची हवी असते?

माळवद
नमस्कार मंडळी. ३० सप्टेंबरला आमच्या गावात दरवर्षी १९९३ च्या भूकंपात गेलेल्यांसाठी श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो. यंदा शाळेतल्या सरांनी मला मुलांसमोर अर्धा तास बोलायला सांगितलंय. तयारी म्हणून मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात जाऊन बसलो. तिथं एका पोरानं विचारलं, "काका, तवा जगभरातून मदत आली म्हणतात. मग तुमच्या आजोबांना परदेशी लोकांनी का नाही काढलं?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

१९९३ साली मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमची घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दर पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर पडायचा. चाळीस वर्षांचे थर आजोबांच्या अंगावर आले. शेजारच्या तिघांनी पहार आणि टिकाव घेऊन काळोखात उकरायला सुरुवात केली आणि सकाळी आठच्या सुमारास आजोबांना बाहेर काढलं. आजोबा जगले. आजी आणि धाकटी चुलती गेल्या.

नंतर सैन्य आलं, संस्था आल्या, जागतिक बँकेचं कर्ज आलं, नवं गाव उभं राहिलं. कपड्यांचे ढीगही आले. शाळेच्या पटांगणात भिजत पडलेले ते ढीग मला अजून दिसतात. त्यात लोकरीचे लांब कोट होते. आमच्याकडं ते कुणी घालणार नव्हतं. आई त्यातलं एक उचलून बघायची आणि परत ठेवायची.

तर प्रश्न असा: देशादेशांनी आपत्तीत एकमेकांना मदत करायची तर ती नेमकी कशी? कधी उपयोगी पडते, कधी नाही? ज्यांनी अनुभवलंय त्यांनी लिहावं. मला त्या पोराला खरं उत्तर द्यायचंय.

पत्रावळ
वाचून घशात आवंढा आला. आजीला आणि चुलतीला नमस्कार. धागा वाचतेय.

निर्भीड_नागपूर
चांगला विषय. माझं मत स्पष्ट आहे: आपण परदेशी मदत घेऊ नये. २००४ च्या त्सुनामीत आपल्या सरकारनं बाहेरची मदत नाकारली आणि आपलीच जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला धाडली. स्वतःचा किनारा उद्ध्वस्त झालेला असताना शेजाऱ्याकडं धावून जाणारा देश आपला आहे, याचा मला अभिमान वाटतो. हात पसरला की समोरचा उद्या त्याची किंमत मागतो.

आलुवाचा_मराठी
@निर्भीड, अभिमान मलाही आहे. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये मी पेरियारच्या पुरात दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो, तेव्हा अभिमानानं पोट भरत नव्हतं.

मला बाहेर काढलं ते मच्छीमारांनी. किनाऱ्यावरून ट्रकवर होड्या चढवून ती माणसं आमच्या गल्लीत आली. माझी सासू होडीत चढू शकत नव्हती. एक जण पाण्यात ओणवा झाला आणि म्हणाला, पाठीवर पाय द्या. तो माणूस कोणत्या पक्षाचा, धर्माचा, गावचा, मी विचारलंही नाही.

नंतर परदेशी मदतीवरून राज्य आणि केंद्रात वाद झाला. सरकारांकडून येणारा पैसा नको, आम्ही समर्थ आहोत, असं केंद्रानं सांगितलं. परदेशातल्या भारतीयांचा आणि संस्थांचा पैसा चालणार होता. २०१६ च्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन योजनेत मात्र लिहिलंय की आपण आवाहन करणार नाही, पण कुणी सद्भावनेनं देऊ केलं तर स्वीकारू शकतो. पुढं २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपण ऑक्सिजनची यंत्रं जगभरातून घेतलीच की. त्यात कुणाची मान खाली गेली नाही. माझ्या ओळखीची दोन माणसं त्या यंत्रांवर जगली.

शिट्टी
माझा मेहुणा एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात आहे, तळेगावजवळच्या सुदुंबरेच्या पाचव्या बटालियनमध्ये. त्याच्याकडून ऐकलेलं लिहितो.

माळवद, तुमच्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर नेपाळच्या आकड्यांत आहे. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप, सुमारे ९,००० मृत्यू. जगभरातून बचाव पथकं आली. या सगळ्या परदेशी पथकांनी मिळून ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलेली माणसं होती १६. त्यातली ११ आपल्या एनडीआरएफनं काढली, कारण आपण शेजारी, काही तासांतच पोचलो. बाकीच्यांचा काठमांडूला पोचण्यातच वेळ गेला. विमानतळाची धावपट्टी एकच, तीही मोठ्या विमानांच्या वजनानं खराब व्हायला लागली, म्हणून अवजड विमानं थांबवावी लागली.

या सोळा जणांशिवाय हजारो माणसं ढिगाऱ्यातून बाहेर आली. त्यांना त्यांच्या शेजाऱ्यांनी, भावांनी, नेपाळी सैन्यानं आणि पोलिसांनी काढलं. तुमच्या आजोबांसारखंच.

मग परदेशी पथकं येऊच नयेत का? तसं मेहुणा म्हणत नाही. काँक्रीटचे चार मजले एकावर एक बसले की पहार-टिकावाचं काम राहत नाही. कटर लागतात, ऐकण्याची यंत्रं लागतात, श्वान लागतात. तुर्कस्तानात २०२३ ला आपल्या ज्युली नावाच्या कुत्रीनं भुंकून जागा दाखवली आणि नूरदा गावात सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली.

त्यानं मला एक गोष्ट शिकवली ती सांगतो. १९८५ चा मेक्सिको आणि १९८८ चा आर्मेनिया, या दोन भूकंपांत कितीतरी देशांची पथकं एकाच ढिगाऱ्यावर चढली आणि कुणाला कुणाचं कळेना. त्यातून १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली इन्साराग नावाचा गट झाला आणि पुढं सगळ्या पथकांसाठी सारख्या खुणा ठरल्या. एक लांब शिट्टी, तीन सेकंदांची: काम थांबवा, गप्प राहा. तीन आखूड शिट्ट्या, परत परत: ताबडतोब बाहेर पडा. एक लांब आणि एक आखूड: पुन्हा कामाला लागा. जपानी असो, तुर्की असो, मराठी असो, शिट्टी तीच.

लांब शिट्टी झाली की जनरेटर बंद, गाड्या बंद, बघे गप्प. मेहुणा म्हणतो, त्या शांततेत आत कुणीतरी नखानं खरवडत असतं ते ऐकू येतं.

पत्रावळ
शिट्टी, शेवटची ओळ दोनदा वाचली.

निर्भीड_नागपूर
@शिट्टी, तुमच्या मेहुण्याला सलाम, अगदी मनापासून. पण तुर्कस्तानचं उदाहरण दिलंत म्हणून बोलतो. आपण त्याला 'ऑपरेशन दोस्त' म्हटलं. मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष झाला तेव्हा तोच दोस्त कुणाच्या बाजूनं उभा राहिला ते सगळ्यांनी पाहिलं. आपल्या जवानांनी थंडीत तंबूत राहून त्यांची माणसं काढली, आपल्या सैन्यानं इस्केंदेरूनमध्ये इस्पितळ थाटलं. बदल्यात काय मिळालं? मला राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

मृणाल_योकोहामा
निर्भीडदादा, राग समजतो. पण ढिगाऱ्याखालच्या त्या सहा वर्षांच्या मुलीनं कुठलंच परराष्ट्र धोरण ठरवलं नव्हतं. तिला बाहेर काढणं ही उधारी असती तर मुद्दलासकट वसूल करायला हरकत नव्हती. मला ती उधारी वाटत नाही.

मी चौदा वर्षं जपानात आहे. २०११ च्या त्सुनामीनंतर भारतातून एनडीआरएफची ४६ जणांची तुकडी मियागी प्रांतातल्या ओनागावाला आली होती. या दलाची परदेशातली ती पहिलीच मोहीम. तोवर जिवंत कुणी सापडण्याची आशा संपलेली होती. त्यांनी थंडीत, चिखलात मृतदेह शोधून दिले. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या त्याच भागातल्या. मी भारतीय आहे कळल्यावर त्यांनी पहिल्याच भेटीत त्या तुकडीचा विषय काढला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. घरच्यांना निदान निरोप देता यावा, ही मदतसुद्धा मदतच असते.

बाकी मूळ प्रश्नावर: मार्च २०१५ मध्ये सेंदाई शहरात संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद झाली. १८७ देश होते. तिथं ठरलेला आराखडा २०३० पर्यंतचा आहे. त्याचा सगळा भर आपत्ती येण्याआधीच्या कामावर आहे: धोका ओळखा, त्याच्यावर पैसा आधीच खर्च करा, आणि पुन्हा बांधाल तेव्हा पहिल्यापेक्षा पक्कं बांधा.

तो भर घरात कसा दिसतो? माझ्या लेकीच्या शाळेत प्रत्येक मुलाच्या खुर्चीवर एक जाड उशी असते. रोज त्यावरच बसायचं. भूकंप झाला की ती उशी उलगडून डोक्यावर टोपडं म्हणून घालायची, हनुवटीखाली बंद बांधायचे आणि आधी बाकाखाली, मग रांगेनं पटांगणात. पहिलीच्या मुलांनाही ते झोपेत जमेल इतका सराव असतो. ती उशी आयांनी घरी शिवली तरी चालते. मी माझ्या आईच्या जुन्या इरकली साडीचा अभ्रा घातलाय.

भरतीओहोटी
समुद्रविज्ञान हा माझा अभ्यासाचा विषय, त्यामुळं थोडं लांबेल. २००४ वर इथं बोलणं झालंय, पण खरी चूक कुठं झाली ते सांगायला हवं.

२६ डिसेंबर २००४, आपल्या वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या आत सुमात्राजवळ भूकंप झाला. हवाईतल्या पॅसिफिक इशारा केंद्राला तो लगेच कळला. पंधरा मिनिटांत त्यांनी पत्रकही काढलं. लाट चेन्नईला पोचायला दोन तासांहून जास्त वेळ लागला. दोन तास! पण फोन करायचा कुणाला, हेच ठरलेलं नव्हतं. पॅसिफिकमध्ये देशांची मिळून यंत्रणा १९६५ पासून होती, १९६० च्या चिलीच्या भूकंपाची लाट जपानपर्यंत माणसं मारून गेल्यानंतर उभारलेली. हिंदी महासागरात तसं काहीच नव्हतं. चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली. भूकंपमापक होते, शास्त्रज्ञ होते. एका देशाची खबर दुसऱ्या देशाच्या किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत नेणारा दोर नव्हता.

त्यानंतर तो दोर विणला गेला. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती संस्थेत २००७ पासून आपलं त्सुनामी इशारा केंद्र चालतं. २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तिघे हिंदी महासागराच्या काठावरच्या बाकी देशांना इशारे पुरवतात. दर दोन-तीन वर्षांनी सगळे देश मिळून खोटी लाट आली असं धरून रंगीत तालीम करतात.

आपल्या किनाऱ्याला याचं काय, असं वाटणाऱ्यांसाठी: २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, मोठा भूकंप झाला आणि त्याची लाट मुंबईपर्यंत आली. मुंबईतही माणसं दगावली. तसं उद्या झालं तर कराचीतल्या कोळ्याचं आणि वर्सोव्यातल्या कोळ्याचं नशीब एकाच खबरीवर टांगलेलं असेल.

पण खबर किनाऱ्यावर पोचली की पुढं काय करायचं हे माणसाला माहीत हवं. सुमात्राजवळच्या सिमेलू बेटावर १९०७ ला त्सुनामी आली होती. तेव्हापासून तिथल्या आज्या नातवंडांना 'स्मोंग'ची गोष्ट सांगत: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागं गेला की डोंगराकडं पळ. २००४ ला भूकंपाच्या केंद्राजवळचं ते बेट, लोकसंख्या पाऊण लाखाहून जास्त, मृत्यू सात. त्यांच्याकडं ना सायरन होता ना मोबाइल.

सुपारीवाडी
मी श्रीवर्धनची. भरतीओहोटी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, आमच्याकडं 'स्मोंग' नाही पण 'निसर्ग' चक्रीवादळ झालंय.

३ जून २०२०. आमची सुपारीची वाडी दोन तासांत झोपली. आजोबांनी लावलेल्या पोफळी मधोमध मोडून एकमेकींवर पडल्या होत्या, काडेपेटी उपडी केल्यासारख्या. नारळ मुळासकट गेले. पोफळ लावली की पीक यायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळं आत्ता कुठं हाती सुपारी येतेय. पण घरातली सगळी माणसं शाळेच्या पक्क्या इमारतीत होती, कारण दोन दिवस आधीपासून इशारे येत होते. तलाठी भाऊ आणि पोलीस पाटील दारोदार फिरले होते.

तेव्हा मी शोधलं की हे इशारे देतं कोण. दिल्लीतलं आपलं हवामान खात्याचं केंद्र एकट्या भारतासाठी काम करत नाही. बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, ओमान, पाकिस्तान अशा तेरा देशांना चक्रीवादळांची माहिती तिथून जाते. १९७० च्या भोला वादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन लाखांहून जास्त माणसं गेली, त्यानंतर १९७२ मध्ये या देशांचं मंडळ झालं. नावंसुद्धा सगळे मिळून ठेवतात. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशानं दिलेलं. 'तौक्ते' म्यानमारचं, अर्थ पाल. आमच्या आळीत एक काकू म्हणायच्या, पालीनं पत्रे उडवले हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पत्रावळ
पालीवर हसले, पण पोफळींचं वाचून वाईटही वाटलं. सुपारीवाडी, पुढच्या हंगामात तुमची सुपारी विकत हवी, निरोप पाठवते.

लोटे_बी_पाळी
सगळे निसर्गावर बोलताय. मी रसायनवाला, वीस वर्षं एमआयडीसीत काढली. माणसानं केलेल्या आपत्तीबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

मुंबई-गोवा महामार्गावर टँकरच्या मागं फिकट पाटी असते. तिच्यावर चार आकडे. १००५ म्हणजे अमोनिया. १०१७ म्हणजे क्लोरीन. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. १२०३ पेट्रोल. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचे. तोच टँकर जर्मनीत उलटला तरी तिथला अग्निशमनवाला तोच आकडा बघून ठरवणार की पाणी मारायचं की नाही. भाषा येत नसली तरी चालतं. माझ्या मते जगातलं सर्वांत स्वस्त आणि उपयोगी सहकार्य हेच.

आमच्या आधीच्या एका कारखान्यात (नाव घेत नाही) एकदा मध्यरात्री झडप गळायला लागली. आम्ही चौघे उलट्या दिशेनं, वायू जिकडं जात होता तिकडंच पळत सुटलो. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी होती, पण ती फाटून सहा महिने झाले होते. कुणी बदलली नव्हती. वाऱ्याला आडवं पळायचं असतं हे आम्हाला माहीत होतं, वारा कुठला ते माहीत नव्हतं. थोडक्यात वाचलो. आजही कुठल्याही कारखान्यात गेलो की आधी वर बघतो.

भोपाळमध्ये १९८४ ला लोकांना एवढंही माहीत नव्हतं की ओलं फडकं तोंडाला लावायला हवं. कारखान्यात काय साठवलंय ते वस्तीला ठाऊक नव्हतं. त्याआधी १९७६ ला इटलीत सेवेसोला डायऑक्सिनची गळती झाली होती आणि १९८२ मध्ये युरोपनं नियम केले. ते शहाणपण आपल्यापर्यंत वेळेत आलं नाही. भोपाळनंतर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं कारखान्याशेजारच्या वस्तीला सज्ज करण्याचा उपक्रम आखला. मोठ्या औद्योगिक अपघातांवरच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९३ च्या कराराला आपण २००८ ला मान्यता दिली. आणि भोपाळच्या आवारातला विषारी कचरा? जर्मनीला न्यायचं २०१२ ला ठरत होतं, ते बारगळलं. शेवटी ३३७ टन कचरा २०२५ मध्ये पिथमपूरला जाळला. चाळीस वर्षं. सहकार्य म्हणतो तेव्हा मला हे चाळीस वर्षंही मोजायची असतात.

आणखी एक. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिल १९८६ चा. जगाला तो कळला दोन दिवसांनी, स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रातल्या कामगाराच्या बुटांवर किरणोत्सार सापडला म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला की अपघात झाला तर लगेच कळवायचं. शेजारच्याला वेळेत सांगणं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी करार करावा लागला.

हेळवाकचा_पाहुणा
वडील कोयना प्रकल्पावर होते, मी पुढं स्थापत्य अभियंता झालो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप. कोयनानगर भुईसपाट झालं. धरण उभं राहिलं, पण भिंतीला तडे गेले.

धरणाच्या आत एक भूकंपाची नोंद घेणारं यंत्र बसवलेलं होतं. त्या यंत्रानं त्या पहाटेचे हेलकावे कागदावर उतरवले. मोठं काँक्रीट धरण भूकंपात प्रत्यक्ष कसं हलतं याची अशी नोंद जगात फारच दुर्मिळ होती. ती आपण दडवून ठेवली नाही. आज कुठल्याही देशातला धरणाचा विद्यार्थी आपलं गणित तपासताना 'कोयना' घेऊन बसतो. मी परदेशी शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच सत्रात फळ्यावर कोयनेच्या भिंतीचा काटछेद काढलेला होता, तडे कुठं गेले त्या जागेसकट. वर्गात मी एकटाच होतो ज्याच्या वडलांनी ते तडे हातानं चाचपले होते.

आता कराडला भूगर्भाचा अभ्यास चालतो. कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं, जगभरातले शास्त्रज्ञ त्या चर्चेत आहेत.

माळवद, पोराला हेही सांगा की मदत नेहमी बाहेरून आत येत नाही. आपल्या दुःखाची नीट ठेवलेली नोंदही जगाला मदत करते.

डॉ_अंजली_सोलापूर
कपड्यांच्या ढिगावर कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, कारण औषधांचंही तेच होतं. २००४ नंतर इंडोनेशियातल्या आचे प्रांतात सुमारे ४,००० टन औषधं आली. बरीचशी तिथल्या डॉक्टरांना वाचता न येणाऱ्या भाषेतली, काही मुदत संपलेली. शेवटी शेकडो टन औषधं नष्ट करण्याचाच खर्च त्यांच्या माथी आला. जागतिक आरोग्य संघटनेचे दानाबद्दलचे नियम १९९६ पासून आहेत: मागितलेलंच पाठवा, पोचेल तेव्हा किमान एक वर्ष मुदत शिल्लक हवी, नाव समजेल असं लिहा. पाठवणाऱ्याचं मन मोठं असतं, पण त्यानं आधी विचारावं.

सांगलीच्या २०१९ च्या पुरात मी शिबिरात होते. तिथंही जुन्या साड्यांचा डोंगर आणि सॅनिटरी पॅडची टंचाई. बायकांनी लाजत लाजत कानात येऊन सांगितलं. विचारलं कुणी नव्हतं.

निर्भीड_नागपूर
डॉक्टर, पाहुणे, भरतीओहोटी: तुमचं वाचून मी थोडा हललोय. पैसा आणि सामान घेण्याबद्दल माझं मत तेच आहे. पण माहिती देण्याघेण्याला माझा विरोध नाही, ती तर हक्कानं मागायला हवी. ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची पावसाळ्यातली आकडेवारी चीन आपल्याला करारानुसार देत असे, तो करार २०२३ ला संपला. आसामातल्या माणसाला वरच्या अंगाला किती पाणी आलंय हे कळायला नको का? आणि मग ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मूतल्या तवी नदीच्या पुराची खबर आपण पाकिस्तानला दिली तेही मला मान्य करावं लागतं. तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, दिली ते बरं केलं. खालच्या अंगाला गुरं राखणारं पोर कुणाचंही असो.

आलुवाचा_मराठी
निर्भीड, हे लिहायला मन लागतं. हात जोडतो.

माळवद
सगळ्यांचं वाचलं, दोन रात्री झोप नीट लागली नाही, पण चांगल्या अर्थानं.

पोराला काय सांगायचं ते मला आता दिसतंय. सांगेन की बाळा, परदेशी माणूस माझ्या आजोबांपर्यंत चार तासांत पोचूच शकत नव्हता. तिथं पहार घेतलेला शेजारीच लागतो. पण ते माळवद एवढं जड असू नये, दगडाच्या भिंतीत मधूनमधून आरपार लांब दगड घालावेत, पट्टा बांधावा, हे ज्ञान जगात होतं आणि ते आमच्या गवंड्यापर्यंत आलं नव्हतं. ते आलं १९९३ नंतर, जागतिक बँकेच्या पैशातून चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमात. ५२ गावं पूर्ण हलवली, आणि बाकी गावांत जुनी घरं कशी मजबूत करायची तेही दाखवलं. तीच मदत दहा वर्षं आधी आली असती तर आजी असती.

नव्या गावाबद्दलही खरं सांगणार आहे. रस्ते रुंद झाले, घरं पक्की झाली, पण ओसरी गेली. भावकीची घरं नंबराप्रमाणं वाटली गेली आणि ज्या शेजाऱ्यांनी आजोबांना काढलं ते आता गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात. आराखडा काढणाऱ्यांनी आमच्या बायकांना विचारलं असतं तर असं झालं नसतं. डॉक्टर म्हणतात तेच.

मृणालताई, तुमच्या त्या टोपड्याचं माप द्याल का? आमच्याकडं बायका अजून वाकळ शिवतात. जुन्या लुगड्यांचे थर, वर दोरा. सर म्हणतात सातवीच्या वर्गाला तशा उशा करू. बचत गटाच्या बायका तयार आहेत.

मृणाल_योकोहामा
माळवददादा, नक्की! सातवीच्या मुलांना साधारण तीस सेंटिमीटर रुंद आणि पंचेचाळीस लांब. एक बाजू वर शिवून बंद करायची, म्हणजे टोपीसारखी होते. कानाच्या जागी थर थोडे पातळ ठेवा, हाक ऐकू यायला हवी. वाकळीचे सात-आठ थर पुरतील. शाळेला जमलं तर हेल्मेट जास्त चांगलं, पण खुर्चीवर कायम हाताशी असलेली उशी घाईत सापडते. लेकीच्या उशीचे फोटो रात्री टाकते. बंद हनुवटीखाली बांधायचे, गळ्याला नाही, हे मुलांना सांगा.

शिट्टी
माळवद, मेहुण्याला विचारलं. ३० तारखेला त्याला सुट्टी नाही, पण त्यानं शाळेसाठी एक शिट्टी दिलीय, नारिंगी दोरीची, नेपाळला गळ्यात होती तीच. कुरियरनं पाठवतो, पत्ता निरोपात कळवा. मुलांना आधी लांब शिट्टी शिकवा असं म्हणाला. गप्प बसायची.

माळवद
पत्ता पाठवला. आजोबांना काढणाऱ्या तिघांपैकी एक जण अजून आहेत, ८१ वर्षांचे. पहिली शिट्टी त्यांच्या हातून वाजवून घेतो.